सकुबाईचे पंधरा नमस्कार

सकुबाई आमच्या शेजारच्या. त्यांच्या पडवीत बोललेलं माझ्या पिठाच्या गिरणीत ऐकू येतं आणि गिरणीत बोललेलं सगळ्या गावाला, त्यामुळे या घरावर लिहायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाच्या अलीकडे, घाटाच्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. सकुबाई तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. भाताचं पोतं एकट्यानं उचलून नवऱ्याच्या पाठीवर द्यायच्या, आणि नवरा, म्हणजे आमचा काळूराम, वाकायचा आधी आणि कण्हायचा नंतर. आवाज मोठा, हात मोठे, मन त्याहून मोठं. खोड मात्र एकच होती.

पाय लागला की नमस्कार.

तसं ते आपण सगळेच करतो. चुकून कुणाला पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो हात छातीशी न्यायचा. पण सकुबाईंचं म्हणजे कळ दाबली की दिवा लागावा तसं. सुपाला पाय लागला, नमस्कार. पोत्याला लागला, नमस्कार. म्हशीला लागला तरी नमस्कार. म्हैस त्यांना लाथ मारते तेव्हा काही परत नमस्कार करत नाही, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. एकदा मुरबाडच्या एसटीत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, सकुबाई पाच-सहा जणांच्या पायांवर आदळल्या, आणि सरळगाव येईपर्यंत त्यांचे नमस्कार चालले होते. कंडक्टरचं तिकीट फाडायचं राहून गेलं.

आता अशा बाईनं रग्बी खेळावं, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का.

झालं असं की त्यांची मुलगी समीक्षा कॉलेजात असताना शहापूरकडचे एक सुयोग सर तिथं खेळ शिकवायला आले. भोपळ्यासारखा लांबट चेंडू, तो काखेत धरून पळायचं, आणि समोरचीनं कंबरेला मिठी मारून पाडायचं. चेंडू समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की पाच गुण, मग तो लाथेनं दोन खांबांच्या मधून उडवला की वर आणखी दोन. समीक्षाला हे इतकं आवडलं की तिनं दोन वर्षं घरोघर फिरून, कुणाच्या आईच्या, कुणाच्या आजीच्या पाया पडून पंधरा पोरी जमवल्या. दोन हजार आठच्या हिवाळ्यात आमच्या संघाला महिलांच्या स्पर्धेत जागा मिळाली. पाच संघ, प्रत्येकाला चार सामने, आणि एक कडक अट : चारांतला एकही जिंकला नाही, तर पुढच्या वर्षी जागा नाही.

तेवढ्यात तुळशीचं लग्न लागलं, आणि त्यामागून नम्रताचं. नम्रता म्हणजे पहिल्या ओळीतली सगळ्यांत दणकट पोर. स्क्रम म्हणतात तो प्रकार असतो, दोन्हीकडच्या आठ-आठ जणी डोकी अडकवून एकमेकींना रेटतात; त्यातला खांबच निघून गेला. उरल्या चौदा.

सकुबाई त्या दिवशी पोरींना भाकऱ्या घेऊन मैदानावर गेल्या होत्या. मैदान म्हणजे काळूरामचंच कापणी झालेलं शेत. सर पोरींना समजावत होते की या खेळात चेंडू हातानं पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा. पोरी पुन्हा पुन्हा पुढेच टाकत होत्या.

सकुबाई म्हणाल्या, "गो बायांनो, लावणी विसरला का? मागं मागं सरकतच शेत पुरं होतं ना? आन् रोपांच्या मुठी पन मागंच टाकतात."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या दंडांकडे बघितलं.

"काकू, तुम्ही उभ्या राहाल का?"

"नुसतं उभं ऱ्हायचं ना?"

"जरा रेटायचं पण."

"चिखलातली गाडी रेटतो तसं?"

"अगदी तसंच."

समीक्षानं "आई, नको" म्हणायच्या आत नम्रताचा तीन नंबरचा शर्ट सकुबाईंच्या अंगावर चढला होता.

पहिला सामना कल्याणला. रेफरीनं दागिने काढायला सांगितले. बांगड्या साबण लावून निघाल्या. मंगळसूत्र काढायला सकुबाई तयार होईनात. रेफरी म्हणतो, ते गळ्यात ठेवून खेळता येणार नाही. शेवटी त्यांनी ते काढलं आणि काळूरामच्या गळ्यात घातलं. "ज्याचं हाय त्याच्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. काळूराम ऐंशी मिनिटं मंगळसूत्र घालून मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ उभा राहिला आणि मी त्याला दर पाच मिनिटांनी हळदीकुंकवाला कधी येणार ते विचारत राहिलो.

स्क्रमात सकुबाईंनी कल्याणच्या पोरींना असं मागे रेटलं की त्या थेट शाळेच्या भिंतीला लागणार होत्या. मग चेंडूवर पोरींचा ढीग पडला, ढिगात सकुबाईंचा पाय एकीच्या कंबरेला लागला, आणि कळ दाबली गेली. सकुबाई उठल्या, वळल्या, वाकल्या, तिला हात लावला, हात छातीशी नेला. त्यांच्या जागी जी फट पडली तिच्यातून कल्याणची एक पोर चेंडू घेऊन आरामात पलीकडे गेली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर ती पोर थांबून बघत होती की बाई नमस्कार कधी करते.

पाच गुणांनी हरलो. समीक्षा परतीच्या टेम्पोत खिडकीकडे तोंड करून बसली ती बसलीच.

घरी आल्यावर तिनं आईशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही, बोलणंच बंद. जेवताना म्हणायची, "बाबा, आईला सांगा मीठ द्यायला." काळूराम म्हणायचा, "मीठ दे म्हनते." मीठ यायचं. पुण्याच्या सामन्यातही तेच. समीक्षा आमची कॅप्टन, ती आतून ओरडायची, "बाबा, आईला सांगा डावीकडे," आणि गळ्यात मंगळसूत्र घातलेला काळूराम रेषेवरून धावत ओरडायचा, "डावीकडं म्हनते." तोवर खेळ उजवीकडे गेलेला असायचा. शिवाय पाय लागेल या भीतीनं सकुबाईंनी त्या दिवशी पाय उचललेच नाहीत. पुणेकरणी त्यांना वळसा घालून जात होत्या, चौकातल्या पुतळ्याला घालतात तसा. किती गुणांनी हरलो ते मी लिहीत नाही, गावाची अब्रू आहे.

मंगळवारी सकुबाई दळण घेऊन आल्या. डबा ठेवला आणि नेहमीसारख्या कुणाच्या सुनेबद्दल काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मी गिरणी बंद केली.

"भावजी, हरल्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "पन घरात पोरीचा आवाज नाय हो. सकाळपासनं भांड्यांचाच तेवढा येतो."

"मग खेळ सोडा ना, वहिनी."

"सोडला तर चौदाच ऱ्हातील. मंग तर जन्मात बोलायची नाय."

मला खरंच वाईट वाटलं. पण माझं वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही. मी म्हटलं, "सवय मोडायची तर सरावानं मोडते. काळूरामला खळ्यावर आडवा घाला आणि त्याच्यावरून ये-जा करा. पाय लावायचा, नमस्कार करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्मं गाव खळ्यावर होतं. काळूराम पेंढ्यावर उताणा पडलेला. सकुबाई आल्या, नवऱ्याच्या पोटाला पाय लावला, हात आपोआप खाली गेला. पुन्हा आल्या, पुन्हा हात गेला. "जरा हळू गो, जेवलोय आत्ताच," काळूराम पेंढ्यातून म्हणाला. तिसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी तर सकुबाई गरज नसतानाही त्याला पाय लावून जाऊ लागल्या, आणि गावातल्या बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे विचार करत बघू लागल्या. पुरुषांनी मला दोन दिवस तंबाखू दिली नाही.

पण पनवेलला कळलं, की सवय फक्त काळूरामपुरती मोडली होती. परक्या पोरीला पाय लागला की हात खाली. तिसराही सामना गेला. आता एकच उरला, तोही घरच्या शेतात, म्हसा गावची गुरांची जत्रा भरलेली असताना, भिवंडीशी. तो गेला की सगळंच गेलं.

सकुबाईंच्या सासू, भिमीआजी, इतके दिवस पडवीत वाल सोलत हे सगळं ऐकत होत्या. त्या बोलत नाहीत, आणि बोलल्या तर पुन्हा सांगत नाहीत.

"सकाळी उठल्यावर काय करतेस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"जमिनीला हात लावून पाया पडते."

"कशाला?"

"दिवसभर तिच्यावर पाय द्यायचा ना, म्हनून."

"मंग दिवसभर परत परत वाकतेस का? एकदाच ना? तसंच त्या पोरींचं कर. आधीच पाया पडून घे, मंग नाच त्यांच्यावर."

आणि त्या पुढचा वाल सोलायला लागल्या.

रविवारी आमच्या शेतात दोन्ही टोकांना बांबूंचे खांब उभे होते. रस्त्यावरून जत्रेला जाणारे विचारत होते, मांडव कुणाचा. भिवंडीच्या पंधरा पोरी ओळीत उभ्या राहिल्या. सकुबाई ओळीच्या टोकाला गेल्या आणि पहिल्या पोरीच्या पायाला वाकून हात लावला.

पोरगी दोन हात मागे सरली. "अहो काकू, काय करताय?"

"पाय लागंल तुला, बाय. त्याचं आत्ताच करून ठेवते."

आईच्या वयाच्या बाईनं पाया पडावं म्हणजे काय. ती पोरगी घाईघाईनं वाकली आणि सकुबाईंच्याच पाया पडली. दुसरीनं तेच केलं. तिसरीनं आशीर्वाद पण मागितला, परीक्षा होती तिची. पंधराव्या पोरीपर्यंत रेफरीनं तीन वेळा घड्याळ बघितलं. सर त्याला म्हणाले, "आमच्याकडची पद्धत आहे." कधीपासूनची, ते बोलले नाहीत.

याचा जो परिणाम झाला तो भिमीआजींनाही ठाऊक नसावा. सकुबाईंचे पाय मोकळे सुटले. त्या ढिगावर चढत होत्या, उतरत होत्या, मागे वळून बघत नव्हत्या. आणि जिच्या आत्ताच पाया पडलो, तिला आडवी कशी पाडायची, हे भिवंडीच्या पोरींना कळेना. स्क्रममध्ये रेटताना समोरून आवाज यायचा, "काकू, लागलं का हो?" सकुबाई म्हणायच्या, "नाय गो, तू रेट," आणि तिला चार पावलं मागे न्यायच्या.

फक्त त्यांची कॅप्टन मिताली भुलली नव्हती. तीही पाया पडली होती, पण तिनं आपल्या पोरींना ठणकावून सांगितलं, "काकू घरी. इथं ती तीन नंबर आहे." आणि दोनदा तिनं सकुबाईंना असं आपटलं की जमिनीतली धसकटं हलली. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा भिवंडीचे बारा होते आणि आमचे दहा.

तेवढ्यात म्हशाहून विकत घेतलेला एक बैल आमच्या बाजूच्या बांबूला मान घासून गेला. खांब कलला. काळूराम गळ्यातल्या मंगळसूत्रासकट धावत गेला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. सोडला असता तर पडला असता आणि खेळ थांबला असता.

आणि त्याच वेळी, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, चेंडू सकुबाईंच्या हातात आला. त्या निघाल्या. दोन पोरी आदरानं बाजूला झाल्या. तिसरी मिताली होती. तिनं कंबरेला मिठी घातली, सकुबाई आडव्या झाल्या, आणि सावरताना मितालीचा बूट सकुबाईंच्या खांद्यावर पडला.

मितालीही कुणाच्या तरी आजीच्या हाताखालीच वाढलेली. तिचा हात तिला न विचारता खाली गेला, सकुबाईंच्या खांद्याला लागला आणि छातीशी गेला.

समीक्षा पाच हात मागे होती. तिनं सवयीनं रेषेकडे बघितलं. रेषेवर बाबा नव्हता. बाबा शेताच्या दुसऱ्या टोकाला बांबू धरून होता.

"आई, मागं दे. आई."

सकुबाईंनी वळूनही बघितलं नाही. लावणीतली मूठ द्यावी तसा पडल्या पडल्या चेंडू मागे दिला. समीक्षानं तो घेतला, वाकलेल्या मितालीच्या शेजारून गेली आणि दोन बांबूंच्या मधोमध टेकवला. पंधरा-बारा, आणि वेळही संपली.

पोरी समीक्षाच्या अंगावर पडल्या. सकुबाई तिथंच पडून होत्या. मी धावत गेलो, म्हटलं हाड मोडलं की काय.

"लागलं का, वहिनी?"

"भावजी, दोनदा म्हनाली ना? का एकदा?"

"दोनदा."

"मंग बरोबर ऐकलं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी जत्रेला जाण्याआधी मी त्यांच्याच पडवीत जेवायला बसलो होतो, कारण असं घर अशा दिवशी एकटं सोडू नये. समीक्षा म्हणाली, "आई, मीठ दे."

"मीठ दे म्हनते," काळूराम म्हणाला.

तिघी बायकांनी त्याच्याकडे बघितलं. सकुबाईंनी आधी लेकीला मीठ वाढलं, मग नवऱ्याच्या गळ्याकडे हात केला.

"आना ते इकडं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत घाला."