मी जाळीवर झोपले होते म्हणे

अमरावतीच्या वसतिगृहात आम्हा चौघींना कुणी नावानं हाक मारत नसे. आमच्या मजल्यावर एकाच नावाच्या तीन-तीन मुली होत्या, म्हणून ज्या-त्या मुलीला तिच्या गावाचं नाव चिकटलं. मी आर्णी. माझ्या खोलीत दिग्रस. समोरच्या खोलीत मारेगाव आणि पुसद. बी.एस्सी. होऊन तीस वर्षं झाली तरी आम्ही एकमेकींना तशाच हाका मारायचो. दिग्रस आता पुण्यात स्वतःची कंपनी चालवते, पुसद सिंगापूरला असते, मारेगाव नागपूरला बँकेत मोठी अधिकारी आहे. आर्णी तेवढी आर्णीतच राहिली. मी शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी नवऱ्याच्या बियाण्यांच्या दुकानात बसते.

माझी आणि दिग्रसची जवळीक सगळ्यांत जास्त. दुसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली, तेव्हा महिनाभर मी मेसमधून तिच्यापुरतं बिनफोडणीचं वरण वेगळं काढून आणत असे. तिचं लग्न ठरताना घरी भांडण झालं, तेव्हा ती आधी आर्णीला माझ्याकडे आली होती. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "आपण चौघी थायलंडच्या समुद्रात पाच दिवस शिडाच्या बोटीवर राहायचं, तू फक्त हो म्हण," तेव्हा मी हो म्हटलं.

नवऱ्यानं एवढंच विचारलं, "तुले पोहता येते का?"

"नाही. पण जॅकेट देतात म्हणे."

"मंग जा," तो म्हणाला. "तसंही तू कुठं गेली आहे कधी?"

ती बोट म्हणजे कॅटामरान. दोन लांब होड्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यावर एकच घर बांधावं, तशी. दोन्ही होड्यांच्या पोटात झोपायच्या खोल्या, मध्ये स्वयंपाकघर आणि जेवायचं टेबल, आणि पुढच्या टोकाला दोन्हींच्या मधल्या जागेत ताणून बांधलेली मजबूत जाळी. त्या जाळीवर पालथं पडलं की नाकाखालून समुद्र पळताना दिसतो. मला ती जागा फार आवडली. पहिल्या दिवशी तिथेच माझा डोळा लागला आणि मग "आर्णीला बघायचं असेल तर जाळीवर बघा," असं सगळ्या म्हणू लागल्या.

बोटीवर दोनच माणसं कामाला होती. कप्तान दक्षिण आफ्रिकेचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. आणि स्वयंपाकाला तिथलीच एक बाई, आमच्याच वयाची. मला इंग्रजी वाचता येतं, बोलताना मात्र तोंडात शब्द अडतात, आणि तिचंही तसंच. म्हणून आमचं दोघींचं बरं जमलं. पहिल्या सकाळी मी तिच्या शेजारी उभी राहून लसूण सोलून दिला. ती नको-नको म्हणाली, मग हसून तिनं दुसरी सुरी काढून दिली.

"अगं, तिला तिचं काम करू दे," दिग्रस म्हणाली. "आपण सुट्टीवर आहोत."

दिग्रसचं मराठी आता पुण्याचं झालंय. त्याचं मला काही नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आर्णी, ते बोल ना, आपलं वऱ्हाडी. 'काहून बे' म्हण. माझ्या ऑफिसमधल्या मुलींना ऐकायचंय."

मी म्हटलं, "तूच म्हन ना. तुह्या मायच्या घरी काय बोलतेत?"

पुसद आणि मारेगाव खूप हसल्या. दिग्रसही हसली आणि म्हणाली, "हेच हवं होतं!" व्हिडिओ चालूच होता. मला टोचलं, पण एवढ्या लांब येऊन कुणी तोंड फुगवून बसतं का, असं मीच मला समजावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका लहानशा बेटाजवळ बोट नांगरली. बेट म्हणजे एक पांढरी पट्टी, थोडी झाडं आणि एका कडेला काळा, खरबरीत खडक. कप्तानानं रबरी होडीतून आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. स्वयंपाकीणबाई वल्ह्याच्या छोट्या होडीतून जेवणाचे डबे घेऊन आली. आम्ही वाळूवर जेवलो. ती डबे-ताटं आपल्या होडीत भरायला लागली. त्या तिघी पाण्यात उतरल्या. ऊन डोक्यात जायला लागलं होतं, म्हणून मी दिग्रसला हाक मारून सांगितलं, "मी त्या खडकाच्या मागं सावलीत बसते. निघतानी आवाज दे मले."

तिनं हात वर केला. "हो, हो."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मी सांगून गेले होते, आणि तिनं "हो" म्हटलं होतं.

खडकाच्या मागे हातभर रुंदीची वाळू आणि गार सावली होती. मी पाठ टेकून बसले. तासभर झाला असेल. मध्येच पायाला पाणी लागलं, तेव्हा मी उठले. येताना ज्या वाळूवरून चालत आले होते, तिथं आता गुडघाभर पाणी होतं. भरती सुरू झाली होती. मी खडकाला धरून वळणापर्यंत गेले आणि पाहिलं तर किनारा रिकामा. समोर समुद्रात आमची बोट होती, पण तिचं शीड वर चढलेलं होतं आणि ती चालली होती.

पहिल्यांदा मला वाटलं, फेरी मारत असतील. फोटो काढत असतील. मग ती आणखी लहान झाली.

मी ओरडले. काय ओरडले असेन? "ए दिग्रस!" मारेगावलाही हाक मारली, पुसदलाही. त्या परक्या समुद्रात मी उभी राहून आमच्या जिल्ह्यातली गावं ओरडत होते. आता लिहिताना कुणाला हसू येईल. मला तेव्हा आलं नाही.

खडक आणि किनारा यांच्या मधलं पाणी आता खोल झालं होतं आणि मला पोहता येत नव्हतं; ते कमरेपर्यंत आलं तेव्हा मी खडकावर चढले. तळहात सोलले, गुडघा फुटला. जॅकेट किनाऱ्यावर काढून ठेवलं होतं, ते लाटेनं नेलं असावं. खडकावर बसायला पाटाएवढी जागा होती. पाणी किती चढेल ते मला ठाऊक नव्हतं. देव आठवला नाही की मुलगा आठवला नाही. नववीच्या उत्तरपत्रिका कपाटात कुलूपबंद आहेत आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, हे आठवलं. दुसऱ्या बाईंना कपाट फोडावं लागेल, याची मला खरोखर काळजी वाटली. भीती त्याच्या नंतर आली, आणि आली ती अशी की माझे दात वाजायला लागले, भर उन्हात.

तिकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. कप्तान रबरी होडी घेऊन आला, तेव्हा किनाऱ्यावर तिघीच होत्या. त्यानं विचारलं, चौथी कुठे? दिग्रस म्हणाली, "ती मघाशीच तुमच्या स्वयंपाकिणीबरोबर छोट्या होडीतून गेली. जाळीवर झोपली असेल." कप्तानानं मान्य केलं. बोटीवर आल्यावर त्यानं जाळीकडे पाहिलं नाही की खोलीत डोकावलं नाही. स्वयंपाकीणबाई आत भांडी घासत होती, तिला कुणी विचारलंच नाही. बोट निघाली. तासाभरानं ती चार कप चहा घेऊन वर आली. तिघींना दिला आणि चौथा घेऊन जाळीकडे गेली. तिथं मी नव्हते. तिनं खाली जाऊन माझी खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं आणि मग ती ओरडत कप्तानाकडे धावली.

मला न्यायला रबरी होडी आली, तेव्हा पाणी माझ्या घोट्यांना लागत होतं. कप्तानाबरोबर ती बाई होती. तिनं माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशी तिथं निळे वळ उठले. ती तिच्या भाषेत काहीतरी सारखं बोलत होती. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

बोटीवर चढले तर दिग्रस रडत होती. मोठ्यानं, हुंदके देऊन. "मला वाटलं तू गेलीस गं! माझ्या मनात काय-काय आलं!" ती माझ्या गळ्यात पडली. मी ओल्या कपड्यांनी उभी, गुडघ्यातून रक्त येतंय, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते आहे, "अवं, आली ना मी. रडू नको." पुसदनं मला टॉवेल आणून दिला तो यानंतर.

कपडे बदलून मी टेबलाशी येऊन बसले. कप्तानानं मोठी वही काढली. असं काही घडलं की त्याला ते लिहून ठेवावं लागतं, आणि खाली प्रवाशाची सही लागते. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. प्रवाशाला विचारलं असता चौथी प्रवासी आधीच बोटीवर गेल्याचं तिनं सांगितलं, असं त्यात होतं.

"मी असं नाही म्हटलं," दिग्रस इंग्रजीत म्हणाली. "मी म्हटलं, गेली असेल."

कप्तानानं मारेगाव आणि पुसदकडे पाहिलं. पुसद गुडघ्याला लावायची मलमपट्टी उघडत होती. मारेगाव पाण्याकडे बघत होती. दोघीही त्या होडीत तिच्या शेजारी बसल्या होत्या.

मग दिग्रस माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आर्णी, उगाच हे कागदावर कशाला? त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल. त्यानं स्वतः मोजायला हवं होतं ना? तू लिही की तू कुणाला न सांगता गेलीस. प्रश्नच मिटतो."

"पण मी तुले सांगतलं होतं."

"हो गं, मला ऐकू आलं नसेल. पाण्यात होते मी."

ती हे इतक्या प्रेमानं म्हणाली. माझा हात तिच्या हातात होता. मला थंडी वाजत होती आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघणं थांबवावं, एवढंच मला हवं होतं. मी कप्तानाला माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "माय मिस्टेक. आय वेंट, नॉट टेलिंग."

स्वयंपाकाच्या दारातून ती बाई म्हणाली, "नो." ती पुढे आली. "नो. नॉट ट्रू. शी टेल. आय हिअर." वल्ही हातात घेऊन निघता-निघता तिनं माझी हाक ऐकली होती. शब्द कळले नव्हते, पण मी खडकाकडे बोट दाखवलं होतं आणि दिग्रसनं हात वर केला होता, ते तिनं पाहिलं होतं. कप्तान तिच्यावर खेकसला. त्यालाही माझंच वाक्य सोयीचं होतं. त्यानं आधीचं वाक्य खोडलं, माझं लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. शाळेच्या हजेरीपटावर करते तशी, पूर्ण नावाची.

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या सकाळी मी लसूण सोलायला गेले, तर तिनं सुरी दिली नाही. "सिट, मॅडम," म्हणाली. त्याआधी तिनं मला मॅडम म्हटलं नव्हतं.

उरलेले दोन दिवस मजेतच गेले, असं फोटो पाहून कुणीही म्हणेल.

पुढच्या वर्षी मारेगावच्या मुलाचं लग्न नागपूरला झालं. जेवणाच्या पंगतीत आम्ही चौघी एका टेबलावर, शिवाय मारेगावच्या बँकेतल्या काही जणी. दिग्रसनं गोष्ट सुरू केली. तोवर ती चांगली घोटून तयार झाली होती. "ही आमची आर्णी. कुणाला न सांगता गेली आणि खडकावर बसली! आम्ही इकडे, आणि ही तिकडून ओरडते, 'काहून वं, मले सोडून कायले गेल्या वं!'" हात हवेत हलवून तिनं माझी नक्कल केली. सगळ्या खो-खो हसल्या. मी तसं ओरडलेच नव्हते. आणि ओरडले असते तरी तिला कुठून ऐकू येणार होतं?

मी म्हटलं, "मी तुले सांगून गेलती. तू हात वर केलता. अन् मी जाळीवर झोपली आहे, असं तू सांगतलं."

दिग्रसनं हसतच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती मनाला लावून घेतेस गं! अगं, तूच तर लिहून दिलंस."

मी ताट तसंच ठेवून उठले आणि दुपारच्या एसटीनं निघाले. वर्धेच्या पुढे जाईपर्यंत माझे कान तापलेले होते. ती खोटारडी आहे, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी कुठंतरी असेनच, पडलेली असेन एखाद्या कोपऱ्यात, हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं की बघायची तिला गरजच वाटली नाही. खोटं बोलली असती तर निदान तिनं क्षणभर माझा विचार केला, असं तरी झालं असतं.

आठवड्यानं मारेगावचा फोन आला. लग्नाची गडबड, पाहुणे, सुनेची नोकरी असं बराच वेळ बोलून झालं. मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आर्णी, मले ठाऊक होतं वं, तू सांगून गेलती ते. होडीत बसताना मीच दिग्रसला म्हटलं, तिले एक आवाज दे. ती म्हणे, गेली असन ती बोटीवर, ऊन लागून राह्यलं, चल."

"मंग तवा बोलली काहून नाही?"

"तूच तर म्हटलं ना, माही चूक म्हनून. मी काय बोलू मंग?"

दुकानात सोयाबीनच्या बियाण्याला माणसं आली होती, मी त्यांच्याकडे वळले. मारेगाव अजूनही सणावारी फोन करते. दिग्रसचा येत नाही, आणि मीही करत नाही. खरं सांगायचं तर दिग्रसचा राग आता निवत चालला आहे. मारेगावचा वाढतो आहे. आणि रोज हजेरीपटावर सही करताना माझा स्वतःचा.