एका नावावर चार कामं

रत्नदीप मला कधीच आवडला नाही. कोलशेतच्या आमच्या ऑफिसात पुलांची, इमारतींची गणितं होतात आणि ती सगळी एकाच मोठ्या सर्व्हरवर चालतात. तो सर्व्हर सांभाळायचं काम त्याचं. खोपटहून बसने येणारा, चाळिशीचा, डबा एकटाच खाणारा माणूस. कुणी एकाने सगळं मशीन अडवून बाकीच्यांना ताटकळत ठेवू नये म्हणून त्याने नियम घातला होता: एका नावावर चार कामं आणि ठरलेली मेमरी. मेमरी जास्त खाल्ली की त्या नावावरचं सगळ्यात जड काम आपोआप बंद. साहेबांनाही सूट नाही. स्वतःला तर त्याने दोनच कामं ठेवली होती. त्या साधेपणाचाच मला जास्त संताप यायचा.

आम्हीही काही कमी नव्हतो. रजेवर जाणाऱ्याने पासवर्डची चिठ्ठी शेजारच्या टेबलावर देऊन जायची, म्हणजे त्याच्या वाटची चार कामं आपल्याला वापरता येतात, असा आमच्यात रिवाजच पडला होता. नारळी पौर्णिमेला चंद्रभागाताई दोन दिवस घरी, कोळीवाड्यात राहिली. "घे रे चिराग, तुझं काम अडायला नको," म्हणत चिठ्ठी मला देऊन गेली. तिच्या नावावर पाच दिवसांपासून एका पुलाचं जड गणित चालू होतं. हे ती सांगायला विसरली आणि मी बघितलं नाही. सोमवारी ते दाखवलं तरच तिचं कंत्राट वाढणार होतं. मी तिच्या नावावर माझी तीन कामं टाकून दिली.

दुपारी रत्नदीप आमच्या मजल्यावर आला. "चंद्रभागाच्या नावावर कोण चालवतंय? बंद करा. तिचं पाच दिवसांचं काम मरेल."

आम्ही सहा जण होतो. कुणी मान वर केली नाही. रजेवरच्या बाईचं कसलं काम चालू असणार, नेहमीची धमकी, असं मला वाटलं.

वीस मिनिटांत ताईचं गणित बंद पडलं.

सोमवारी ती त्याच्यावर तुटून पडली. "माझ्या पोटावर पाय दिलास तू. तुझ्या त्या लिमिटपायी."

"मी वर येऊन विचारलेलं," तो म्हणाला.

ती आमच्याकडे वळली. "आलेला हा?"

"नाय ताई," मी म्हणालो. "कोण आलेलं नाय."

बाकीचे पाच जण स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले. त्यांनाही तो आवडत नव्हता.

"नंतर मी बघितलं, चिरागच्याच टेबलावरून..." रत्नदीपने तोंड उघडलं.

"हां, आता त्याच्यावर ढकल," ती म्हणाली. "त्याला पासवर्ड मीच दिलेला."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग खाली निघून गेला.

तिचं कंत्राट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी ती सगळ्यांना भेटली, रत्नदीपच्या खोलीकडे फिरकलीसुद्धा नाही. माझ्या टेबलापाशी मात्र थांबली.

"त्या दिवशी तुझं काम तरी झालं ना रे?"

"झालं," मी म्हणालो.