सहा दिवसांनी आलेला नंबर

माझा नवरा इंद्रजीत बावीस वर्षं ट्रक चालवतोय. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, पण इथं नावच घेते आणि अरे-तुरेच करते. तो काय हे वाचायला बसणार नाय. आमची खोली छावणीत, बाजाराच्या मागं. मी साड्यांना फॉल-पिको करते. मशीन दारातच मांडलेलं, त्यामुळं गल्लीत काय चाललंय ते मला कळतं आणि घरात काय चाललंय ते गल्लीला. माझा आवाजही तसा लहान नाय.

त्याचे मालक मुकुंदराव. चार गाड्या होत्या त्यांच्या, वाळूजच्या कारखान्यांचा माल वाहायच्या. दिवाळीनंतर मंदी आली. कारखान्यात तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. गाड्या उभ्याच राहायला लागल्या. मुकुंदरावांचा मुलगा पुण्याला नोकरीत, तो म्हणाला, बाबा, पुरे करा आता. त्यांनी तीन गाड्या विकल्या, आणि चौथी, जी इंद्रजीत चालवायचा, तिच्यासाठी त्यालाच बोलावून घेतलं.

"ही तू घे," म्हणाले. "हप्ते भाड्यातून फेड. बारा वर्षं तूच सांभाळलीस, दुसऱ्याच्या हातात द्यायला माझा जीव होत नाही."

नेमकं त्याच आठवड्यात एका कारखान्याच्या स्टाफ बसवर ड्रायव्हरची जागा निघाली. सकाळी माणसं न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची, रात्री घरी. ठेकेदार म्हणाला, येता सोडून पुढच्या सोमवारपर्यंत व्हय का नाय ते सांगा, नायतर दुसरा बघतो.

आता तुम्हाला वाटंल, बायकोनं नोकरीचा हट्ट धरला असंल. नाय. गाडी घ्या म्हणून मीच त्याच्या डोक्यावर बसले.

का नाय बसणार? बावीस वर्षं झाली, कंपनीच्या गेटवर काल लागलेला वॉचमनसुद्धा याला "ए ड्रायव्हर" म्हणून हाक मारतो. आत संडासला जाऊ देत नाय. एकदा मी सोबत होते, भर उन्हात दोन तास गेटबाहेर उभं ठेवलं आम्हाला आणि हा बाबा हसून म्हणतो, "चालतंय, सुलेखा." माझ्या अंगाची आग आग झाली होती. माझ्या नवऱ्याला लोकांनी मालक म्हणावं, एवढं एकच मला पाहिजे होतं.

"अगं, लोकं गाड्या विकायलेत आन आपण घ्यायची?" तो म्हणाला.

"म्हणूनच घ्यायची. चांगल्या दिवसांत आपल्याला कुणी दिली असती का?"

"भाडंच नाय मिळालं तर?"

"लई भित्रे बाई तुम्ही!" मी म्हणाले. दारात उभं राहून म्हणाले. समोरची द्वारकाबाई पाणी भरता भरता थांबली. इंद्रजीत चप्पल घालून बाहेर गेला.

शेवटी मुकुंदरावांनीच तोड काढली. "आठ दिवस गाडी घेऊन जा. आपलीच आहे असं समजून अड्ड्यावर लाव. भाडं मिळतंय का ते बघ आणि मग सांग."

वाळूजजवळचा तो ट्रक अड्डा म्हणजे, ज्यांना कुण्या कंपनीचं ठरलेलं काम नाय अशांची जागा. जो आधी आला त्याचा नंबर वहीत आधी. दलालाकडं माल आला की मुकादम गावाचं नाव ओरडतो, आणि पहिल्या नंबरानं तो माल घ्यायचा. पूर्वी दिवसभर ओरडून त्याचा घसा बसायचा म्हणे. आता दिवसाकाठी तीन माल निघाले तरी लोकं खूश. इंद्रजीतनं सोमवारी गाडी लावली तेव्हा त्याचा नंबर होता सतरावा.

मी रोज दुपारी डबा घेऊन जायची. माणसं गाड्यांच्या सावलीत पत्ते कुटत बसलेली असायची. मी विचारायची, "कितवा झाला?" बारावा. नववा. सहावा. जसजसा नंबर जवळ येत होता तसतसा याचा डबा अर्धा परत यायला लागला. मला वाटलं, काळजीनं. मी आणखी धीर द्यायची. घरी साडीला फॉल लावता लावता गाडीवर नाव कसं टाकायचं ते मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

शनिवारी सकाळी याचा पहिला नंबर लागला. आणि दुपारी मी डबा घेऊन पोचते तर गाडी जागच्या जागी! माल निघालाच नाय म्हणावं तर मुकादम म्हणाला, निघाला की, जळगावचा निघाला.

झालं असं की अड्ड्यावर कडुबा नावाचा एक म्हातारा ड्रायव्हर होता, सोयगावचा. त्याचा नंबर अकरावा. सकाळी त्याला फोन आला, आई गेली. अड्ड्यावर एक रिवाज आहे, कुठं लिहिलेला नाय, पण सगळे पाळतात. कुणाच्या घरी मयत झाली आणि माल त्याच्या गावाच्या वाटेचा निघाला, तर त्यानं मागितला की पहिल्यानं आपला नंबर त्याला द्यायचा आणि त्याच्या नंबरावर आपण जायचं. जळगावच्या वाटेवरून सोयगावला वळता येतं. इंद्रजीतनं नंबर दिला. कडुबा माल भरून गेला आणि माझा मालक अकराव्या नंबरावर जाऊन बसला. सोमवारपर्यंत भाडं मिळायची आशाच संपली.

अड्ड्यावरचा एकेक माणूस मला सांगायला येत होता. "वहिनी, दिलदार माणूस आहे तुमचा." मी काय बोलणार? मयतीच्या पुढं बोलता येतं का काही? मनातल्या मनात मात्र चरफडत होते. मुकुंदरावांच्याही कानावर गेलं. त्यांचा संध्याकाळी फोन आला. "सुलेखा, अशाच माणसाला लोक धंद्यात धरून राहतात. भाड्याचं राहू दे, गाडी त्यालाच देणार मी." मी हरखून गेले. आत येऊन इंद्रजीतला सांगितलं तर त्याचं तोंड एवढंसं झालं.

रविवारी त्यानं अन्नाला हात लावला नाय. दुपारी कडुबाचा फोन आला, मीच उचलला. "वहिनी," म्हातारा रडत होता, "मायचं तोंड पाहायला मिळालं मला. त्या माणसाचे उपकार मी कुठं फेडू? त्याला द्या जरा."

मी फोन पुढं केला. इंद्रजीतनं हात मागं घेतला. मी खुणावलं, घ्या की! तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. मी कडुबाला काहीतरी सांगून फोन ठेवला आणि मागोमाग गेले. बोलायच्या तयारीतच गेले होते मी.

"काय झालं काय तुम्हाला? म्हातारा आभार मानतोय अन्‌—"

"त्याला एसटीनं जाता आलं असतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लोकांनी तिकिटाला पैसे जमवले होते. त्याची गाडी राखायला दहा जण तयार होते. त्यानं नंबर मागितला नव्हता, सुलेखा. मीच बळं दिला." नळ वाहतच होता. "मुकादम जळगाव ओरडला आन माझे हातपाय गार पडले. हा माल भरला की गाडी घ्यावी लागणार, बसची नोकरी जाणार. हप्ते, टायर, डिझेल, उद्या माल नसला की परत तिथंच बसा, आन तू डबा घेऊन आलीस की विचारणार, कितवा झाला. तेवढ्यात कडुबा फोनवर रडायला लागला. आई गेली म्हणाला. आन माझा जीव भांड्यात पडला." त्यानं तोंड फिरवलं. "एका माणसाची माय मेली आन मला बरं वाटलं. आता सगळे मला दिलदार म्हणायलेत."

लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी नळ बंद केला. लई राग आला होता, आधी त्याचा आणि मग माझा. माझ्यापुढं 'नको' म्हणायला माझ्या नवऱ्याला कुणाची तरी मयत लागली. एवढा कसला धाक माझा?

गाडी माझ्या मनातून गेली होती का? नाय. खोटं कशाला सांगू, अजूनही गेलेली नाय. ट्रक दिसला की त्याच्यावर कुणाचं नाव टाकलंय ते आधी वाचते. पण त्या दिवशी मी पदरानं हात पुसले आणि मुकुंदरावांना फोन लावला.

"काका, गाडी नको. उद्या किल्ली आणून देतो."

त्यांनी विचारलं, "हे इंद्रजीत म्हणतोय, की तू?"

तो मोरीच्या दाराशी उभा होता, माझ्याकडं बघत.

"तेच म्हणतायत, काका," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून म्हणतायत. मीच ऐकत नव्हते."