सुईवालीच्या हातची हळद

हळदीची वाटी माझ्या हातात होती. नवरदेव पाटावर बसलेला, माझ्या चुलत दिराचा मुलगा. माझी पाळी आली म्हणून मी पुढे वाकले, बोटं हळदीत बुडवली. तेवढ्यात माईकवरून आवाज आला.

"हिचे हातची हलद नको रं लावू. ही सुईवाली हाय. पोऱ्याचा वंस बुरल."

बोलणारा नाना ठेकेदार. सगळा मांडव खदखदून हसला. कोणीतरी माझ्या हातातनं वाटी काढून घेतली. मान वर केली तर ती माझी सासू. ती हसत नव्हती. ती घाबरली होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी सवाष्ण बाई. पदरी धडधाकट पोर. मला विधवेसारखं बाजूला केलं. विधवेलाही का बाजूला करायचं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तेव्हा फक्त कान तापले होते. मग नानाने हात वर केला आणि लाऊडस्पीकरवर त्याचं सुईवालीचं गाणं लागलं. लहान पोरं माझ्याभोवती फेर धरून नाचली, बोटाची सुई करून माझ्या कुल्ल्याला टोचत. कोणीही एकाही पोराला मागे ओढलं नाही.

मी नर्स आहे. सानपाड्याच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव. तिथं सरकारी दवाखान्याची एक खोली आहे, मी तिथली. सन ऐंशी उलटून गेलंय. आमच्या भातशेतांवर आणि मिठागरांवर आता नवं शहर उभं राहतंय. भरावाची माती टाकायचा ठेका नानाचा. म्हणजे ज्यांनी जमीन घेतली त्यांच्याकडूनच हा कमवतो, आणि रात्री आमच्यात बसून त्यांना शिव्या घालतो. गाव त्याला वाघ म्हणतं.

आमच्याकडे ज्याच्या हातात पैसा येतो तो कॅसेट काढतो. गळ्यात चेन, डोळ्यावर गॉगल, कव्हरवर स्वतःचा फोटो. नानानेही काढली. त्यात एक गाणं नर्सवर होतं.

"नरस आयली गो दारान, सुई तिचे हातान,
जमीन नेली सरकारनी, आता वंस नेतंय बाटलीन."

चाल झकास होती, खोटं कशाला बोलू? माझाच पाय एकदा त्यावर हलला होता. उरणपासून ऐरोलीपर्यंत जिथं हळद तिथं ते गाणं. चहाच्या टपरीवर तेच. रिक्षात तेच. पूजा झाली की तीर्थप्रसादाच्या रांगेत तेच. एका कॅसेटवरून दुसरी भरून घ्यायचे लोक. मी दारोदार घसा फोडून सांगायचे, बायांनो, ही लस घटसर्पाची आहे, डांग्या खोकल्याची आहे, वंशाशी हिचा काय संबंध? पण माझा आवाज एका ओटीपुरता. त्याचा सगळ्या खाडीवर.

आणि लोकांना येडं कसं म्हणू? आणीबाणीत माझ्या सख्ख्या काकाला बाजारातून उचलून नेला होता, नसबंदीला. दोन दिवसांनी भिंत धरत घरी आला. नंतर जमिनी गेल्या. सरकारी माणूस दारात आला की काहीतरी घेऊनच जातो, हे गावाने भोगलेलं होतं. नानाने त्या भोगण्याला चाल लावली. दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणायचे, "तुमच्या लोकांना अक्कल कधी येणार?" तुमच्या लोकांना. गावात मी सरकारची, दवाखान्यात मी गावाची.

माझी धाकटी बहीण हिरा. आम्ही दोघी एकाच गावात दिलेल्या. तिची मुलगी भारती, नुकती चालायला लागलेली. मला "मावची" म्हणायची. गावातल्या कोणत्याही पोराचं राहिलं तरी चालेल, पण भारतीचं टोचायचंच, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मी लशीच्या बाटल्या ठेवलेला बर्फाचा डबा घेऊन तिच्या दारात गेले. हिराची सासू दार अडवून उभी राहिली.

"तुजे नोकरीसाठी आमची पोर मारतंस काय?"

मी म्हटलं, "मामी, माझ्या पोराला पण हीच दिलीय. बघा, कसा हुंदडतोय."

"त्यो आता हुंदडतंय. पुरं कलल."

पुढे कळेल. हिरा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी परत गेले. पुन्हा गेले. नंतर मला बघितलं की ते दारच लावून घ्यायला लागले.

पावसाळा सरता सरता भारतीला ताप आला. मी दुसऱ्या गावाला ड्युटीवर. परत आले तेव्हा तिच्या गळ्याला हळद-चुन्याचा लेप होता आणि मान बैलासारखी सुजलेली. तोंड उघडून बघितलं. घशात करडा पडदा. घटसर्प. मी तिला उचललं आणि पळाले. कोणाला विचारलं नाही. हिरा मागून अनवाणी पळत आली. रिक्षात भारतीचा श्वास करवतीसारखा वाजत होता. मी तिची मान वर धरली, हाका मारल्या, देवाला शिव्या दिल्या. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्याचं फाटक दिसलं आणि तो आवाज थांबला. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं आणि त्याची कॅसेट बंद केली. इतका वेळ ती चालू होती, हे मला तेव्हा कळलं.

दिवसकार्य झालं आणि गावकी बसली. गावकी म्हणजे गावाचे पंच. देवळासमोर पुरुष सतरंजीवर, बाया मागे जमिनीवर. मधे मी उभी. गावात उठलं होतं की भारतीला मीच चोरून टोचलं, म्हणून ती गेली. निवाडा नानाने सांगितला. त्याच्या मांडीवर त्याची नात बसलेली, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये.

"देवलासमोर नाक घास. नोकरी सोर. गाव माफ करल."

मी बायांकडे वळले. म्हटलं, "हिरा, तू सांग. टोचलं होतं का मी?"

हिरा जमिनीकडे बघत राहिली. शेजारी तिची सासू. हिराने पदर आणखी पुढे ओढला. माझी बहीण. मी तिला दोष देत नाही, पण ती गप्प बसली हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी खाली वाकणार होते, हे पण लिहिते. सासू डोळ्यांनी विनवत होती. नवरा तोंड फिरवून बसलेला. एकदा नाक घासलं की सुटले असते. आणि वाकता वाकता माझी नजर त्या नातीच्या दंडावर गेली. डाव्या दंडावर गोल वण. तो कशाचा, हे मला कोणी सांगायला नको होतं. क्षयाची लस. जन्मल्या जन्मल्या टोचतात.

मी सरळ उभी राहिले. "नाना, पोरीच्या दंडावर काय आहे?"

मागून त्याची सून बोलली, मुंबईची मुलगी, तिला डाव कळलाच नाही. "टोचल्याचं आहे. सगळ्या दिल्यात ना हिला, डॉक्टरांकडे नेऊन."

मला वाटलं, झालं. आता तरी झालं. आणि नाना हसला.

"आमची गोस्ट येगली. आमचा डागदर खासगी हाय. सरकारी सुईन आन खासगी सुईन फरक नाय?"

माना हलल्या. खरंच, एकेक करून माना हलल्या. ज्याने गावाला सांगितलं टोचू नका, त्याने आपली पोर टोचून आणली, आणि गावाने तेही गिळलं. त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी मेलं आणि काहीतरी ताठ झालं. खरं दाखवलं की लोक मानतात, ही माझी समजूत मेली.

मी म्हटलं, "नाक मी घासणार नाही. नोकरी सोडणार नाही. भारतीला मी टोचलं नाही, म्हणून ती गेली. ज्यांनी टोचू दिलं नाही, त्यांनी नाक घासावं." आणि सतरंजीवरून, पंचांच्या मधून, चालत घरी आले. बायांनी पंचांच्या सतरंजीवर पाय ठेवायचा नसतो.

गावाने आम्हाला वाळीत टाकलं. लग्नाचं बोलावणं बंद, पाणवठा बंद. गाणं वाजतच होतं. पुढच्या हळदींना जास्तच.

आता हिराला परत दिवस राहिलेत. तिच्या घरचं दार मला अजून बंद आहे. डॉक्टर म्हणाले, पोलीस घेऊन जा, मुलाला धरून टोचू. मी नाही म्हटलं. काकाला धरूनच नेला होता. धरून टोचलं तर नानाचं गाणं खरं होईल. मी धरणार नाही. पण मूल झालं की बर्फाचा डबा घेऊन मी तिच्या ओटीवर जाऊन बसणार. सासू शिव्या देईल, देऊ दे. अंगावर पाणी ओतेल, ओतू दे. बर्फ वितळला तर नवा आणीन आणि परत तिथंच बसेन. हिराला एकदा माझ्या तोंडावर नाही म्हणायला लावीन, किंवा हो. गप्प तिला मी बसू देणार नाही.