गाठीपर्यंतची दोरी

व्हेर्नास गावात सोलांजच्या तोंडी सहसा कुणी लागत नसे. फ्रान्समधल्या रोन नदीच्या काठी, उभ्या चढणीवर तिचा घरचा द्राक्षमळा होता. मळा लहानच, पण तिथली लाल वाइन एकदा प्यायलेला माणूस वर्षभर तिचं नाव काढी. गावभर बोलणारी ही बाई सासूशी मात्र बोलत नव्हती. तीसेक वर्षं एक चूल, एक टेबल, आणि मधे निरोप्या म्हणून मुलगा तिबो. "आजीला सांग, सूप निवतंय." आजी समोरच बसलेली असे.

तिबो रांगत होता तेव्हाची गोष्ट. सोलांजचा नवरा गास्पार द्राक्षं तुडवायला लाकडी टाकीत उतरला होता. रस आंबायला लागला की सालं वर येतात, त्यांचा जाड थर बनतो. तो पायांनी मोडून खाली दाबावा लागतो, नाहीतर वाइन रंग धरत नाही. पण त्याच थरावर एक जड वायू साचतो. तो दिसत नाही आणि माणसाला ओरडायलाही सवड देत नाही. गास्पार कोसळला. सोलांज शिडीवर चढली, तर सासूने, फिलोमेनने, तिचे पाय धरून तिला खाली ओढलं आणि शिडी अडवून बसली. आत फिलोमेनचा पोटचा पोरगा होता. माणसं धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. हिने मला जाऊ दिलं असतं तर तो वाचला असता, हे सोलांजच्या मनात बसलं ते बसलंच.

पुढे फिलोमेनने घरात नियम घातला. आधी दोरीला बांधून पेटती मेणबत्ती टाकीत सोडायची, दोरीवरच्या गाठीपर्यंत. विझली तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, तो वरच्या तुळईच्या कप्पीतून घेतलेला. आणि आतल्या माणसाने सतत गात राहायचं. सोलांजने सासूशी अबोला धरला, पण हा नियम एकदाही मोडला नाही.

यंदा चढणीच्या माथ्यावरची, सगळ्यात चांगली द्राक्षं तिबोने हौसेने बनवून घेतलेल्या नव्या टाकीत घातली होती.

"आई, शेजारी हसतात मला गाताना ऐकून," कमरेला दोर बांधता बांधता तो म्हणाला.

"हसणारच. गळाच तसला आहे तुझा. गा मुकाट्याने."

"लग्नाआधी ऐकवला असतास तर मी जरा विचार केला असता," दोराचं टोक धरून उभी असलेली त्याची बायको माएल म्हणाली.

सोलांजने टाकीच्या काठाजवळच्या फळीवर उभं राहून मेणबत्ती गाठीपर्यंत सोडली. ज्योत हललीसुद्धा नाही. तिने दोरी काठाच्या खिळ्याला अडकवली आणि मान हलवली. तिबो उतरला आणि गाढवाच्या लग्नाचं गाणं बेसूर सुरू झालं. खाली सालं चुबकचुबक वाजत होती. दुसरं कडवं झालं. तिसऱ्यात गाढव चर्चच्या दारात पोचलं, आणि गाणं थांबलं.

"तिबो?"

सोलांजने काठावरून वाकून पाहिलं. मेणबत्ती शांत जळत होती, आणि तिच्या बरंच खाली तिबो सालांत तोंडावर पडला होता. दोरीची गाठ जुन्या टाक्यांच्या मापाची होती. ही टाकी चांगली हातभर खोल होती आणि थर तितकाच खाली. वायूपर्यंत मेणबत्ती पोचलीच नव्हती, आणि ती सोडली होती सोलांजनेच.

माएल दोर टाकून शिडीवर चढली होती. सोलांजने खाली उडी मारून तिच्या स्कर्टला धरलं आणि तिला जमिनीवर आपटलं.

"सोडा मला. मरेल तो!"

"दोर ओढ."

"तुमचा मुलगा आहे तो!"

"ठाऊक आहे मला. दोर ओढ."

माएल तिच्या हाताला कडकडून चावली. सोलांजने हात सोडवला नाही, दुसऱ्या हाताने दोर उचलून तिच्या हातात दिला. मग दोघींनी ओढलं. दोर जरा वर आला आणि अडला. सालं तिबोला सोडत नव्हती. पाय भिंतीला लावून पुन्हा ओढलं. अखेर काठावर एक जांभळं डोकं आलं. त्याला फळीवर घेतलं तेव्हा तो श्वास घेत नव्हता. माएल त्याच्या तोंडात तोंड घालून फुंकत राहिली, आणि सोलांज नुसती उभी होती. तिला देवाचं नावही आठवेना. मग तिबो खोकला, भडाभडा ओकला आणि डोळे न उघडताच म्हणाला, "पुढचं कडवं विसरलो."

डॉक्टर त्याला दवाखान्यात घेऊन गेले. माएल सोबत गेली. गाडीत बसण्याआधी तिने सासूचा चावलेला हात आपल्या गालाला लावला.

सोलांज स्वयंपाकघरात गेली. फिलोमेन खिडकीशी बसली होती. नव्वदीची बाई, आधाराशिवाय उठता येत नव्हतं. आरडाओरडा सुरू झाला तेव्हा सोलायला घेतलेली शेंग अजून तशीच हातात होती.

"आई," सोलांज म्हणाली. इतक्या वर्षांनी तो शब्द घोगरा निघाला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. तिबो वाचला."

"आणि पोरगी?"

"शिडीवरून ओढली तिला. चावली मला."

फिलोमेनने तिचा हात ओढून घेतला आणि दातांचे वळ पाहिले. "तू लाथ मारली होतीस. थंडीत गुडघा दुखतो अजून."

"माएल मला माफ करेल. तिचा नवरा वाचला." सोलांज म्हणाली. "तुमचा मुलगा आत होता, आई. आणि तुम्ही मला धरलंत."

"मग काय करणार होते? घरात अंगावर पिणारं पोर होतं. दोघंही गेला असतात तर त्याला दूध कुठून आणलं असतं मी?"

सोलांज खाली बसली आणि शेंगांच्या सालांतच सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. फिलोमेनने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने तिने हातातली शेंग सोलली.

"ऊठ आता," ती म्हणाली. "ती दोरी चुलीत घाल. नवी काप, आणि या वेळी टाकी मोजून काप."