पाडायला हवी असलेली गाडी

बेंगळुरूत गाडी विकायला काढणारे मराठी पुरुष माझ्या डोक्यात जातात. हे लोक गाडी विकत नाहीत, लेक सासरी पाठवतात. फोनवर आधी "एकदम वेल मेंटेन्ड" म्हणतात, मग "खरं तर द्यायची नव्हतीच" म्हणतात, आणि मग आपणच त्यांच्या दारात जाऊन हट्ट धरल्यासारखा उसासा टाकतात.

मला हवी होती एक जुनी, स्वस्त मोटारसायकल, रेस ट्रॅकवर नेऊन पाडायला. मुद्दाम नव्हे, पण ट्रॅकवर गाडी आज ना उद्या पडतेच. ट्रॅक डे म्हणजे रेसचा ट्रॅक एका दिवसापुरता तुमच्या-माझ्यासारख्यांना मोकळा करतात. समोरून कोणी येत नाही, खड्डा नाही, मध्येच गाय नाही. वळणावर गाडी किती कलते हे शिकायचं आणि शिकता शिकता कधीतरी घसरायचं. आमचा जवळचा ट्रॅक तमिळनाडूत. तिथे मी भाड्याच्या गाड्या चालवत होते, आणि एका लांबलचक उजव्या वळणावर दर वेळी घाबरून वेग सोडत होते. परकी गाडी, पडली तर भरून द्यावी लागणार, हेच डोक्यात. तिथला शिकवणारा शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, अपनी गाडी लाओ. सस्ती लाओ. गिरने का डर छूटेगा तभी कुछ होगा." माझी चाळिशी उलटली आहे. ते वळण मला एकदा तरी न घाबरता घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं.

बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात सल्ला द्यायला माणसं कमी नाहीत. पुण्या-मुंबईहून आलेले बाइकवाले, चामड्याची जाकिटं, कारएवढ्या किमतीच्या गाड्या आणि त्यांवरून रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरमध्ये रांगणं. त्यांतला एक कॉफी मशीनपाशी मला म्हणाला, "तू ना, डायरेक्ट लिटर क्लासच घे, हजार सीसीवाली. छोटी बाइक सहा महिन्यांत बोअर होईल."

"तू गेलायस कधी ट्रॅकवर?"

"अगं, टाइमच मिळत नाही यार. पण व्हिडिओ सगळे बघितलेत."

अशांशी मी वाद घालत नाही. मी कॉफी घेऊन निघून जाते.

ट्रॅकसाठी गाडी घ्यायची अक्कल साधी आहे. सांगाडा सरळ हवा, इंजिन ठीक हवं, ब्रेक चांगले हवेत. दिवे, आरसे, हॉर्न यांचा काही उपयोग नाही, ते काढूनच टाकायचे असतात. म्हणजे आधीच एकदा आपटलेली, ओरखडे पडलेली गाडी सर्वांत उत्तम, कारण तिला कोणी विचारत नाही. पण आमचे हे म्हणाले, "अनोळखी माणसाकडून कशाला? मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाक. आपल्या माणसाची गाडी मिळेल." परमुलखात आलं की आपल्या लोकांना हा रोग जडतो. डॉक्टर आपला, प्लंबर आपला, आता मोटारसायकलही आपली. मीही मूर्खासारखं टाकलं.

आपल्या माणसाकडे गाडी बघायला गेलं की गाडी दिसत नाही, आधी पोहे येतात. मग मूळ गाव कोणतं, मिस्टर कुठे असतात, मुलं कितवीत. लग्नाआधी मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचे तेव्हा मला बघायला आलेल्यांनीसुद्धा इतक्या चौकशा केल्या नव्हत्या. बशी रिकामी झाली की शेवटी तो प्रश्न येतो, "म्हणजे गाडी नेमकी चालवणार कोण?" मी चालवणार म्हटलं की गृहस्थ हसतात. अशी दोन-तीन घरं झाली, आणि मला पोह्यांचा वाससुद्धा नकोसा झाला.

मग हेब्बाळचं घर आलं. सोसायटी तलावाच्या बाजूची, नवरा मूळचा नागपूरचा, आयटीतला, बायको शांत. तिने पोहे ठेवले आणि आत गेली. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. असल्या घरांत गाडीबद्दल बोलतो तो नवरा.

"दोनशे सीसी आहे, पण कंडिशन बघा तुम्ही. ट्रस्ट मी, अशी मिळणार नाही," तो बेसमेंटमध्ये नेत म्हणाला.

त्याने कव्हर काढलं. आत आणखी एक कव्हर होतं. त्याखाली लाल स्पोर्ट्स बाइक, टाकीवर दसऱ्याचं हळदकुंकू, पुढे लेगगार्ड आणि मागे चक्क साडीगार्ड. टायरवर कारखान्यातून येतात ते रबराचे केस तसेच होते. "एक स्क्रॅच दाखवा. उभी करायच्या आधीच टायर नवे टाकले होते. चार वर्षं झाली, दर रविवारी जागेवर सुरू करतो, दहा मिनिटं. बॅटरी एकदम टॉप. तळहातावरच्या फोडासारखी जपलीय."

जपलीय! चार वर्षं खांबाला टेकवून ठेवायला माणूस गाडी घेतो कशाला? फ्रिज घ्यावा. पण सांगाडा सरळ होता आणि किंमत माझ्या आवाक्यात होती, म्हणून मी तोंड मिटून गाडीवर बसले. ब्रेक दाबून पाहिला आणि हात अडखळला. ब्रेकचा लिव्हर अगदी मुठीजवळ आणून बसवलेला होता. लहान हाताच्या माणसाला करून घ्यावा लागतो तसा. सीटही खाली करून घेतलेली. समोरचा माणूस सहा फुटी.

"ही कोण चालवायचं?"

"हिची आहे ना. लग्नाआधीची," तो सहज म्हणाला. "बोम्मसंद्र्याला फॅक्टरीत होती, रोज हिच्यावरून जायची. मुलगी झाली, मग मीच म्हटलं, आता रिस्क नको. साडीगार्ड मीच लावून घेतला तेव्हा, सेफ्टीसाठी. पण मग गाडीच बंद केली." मग त्याला आठवलं. "तुम्हाला कशासाठी हवी म्हणालात?"

"ट्रॅकसाठी."

"ट्रॅकवर? म्हणजे पाडणार तुम्ही. नाही हो, सॉरी. मग नाही देणार मी."

माझं डोकं भडकलं. बायकोला गाडीवरून उतरवलं, गाडीला पांघरुणात गुंडाळलं, आणि हा मला नाही म्हणतोय! मी तोंड उघडणार तोच लिफ्टचं दार उघडलं आणि ती किल्ली घेऊन आली. हा विसरला होता. आमचं शेवटचं बोलणं तिने ऐकलं असावं.

"तुम्ही पडलात कधी?" तिने मला विचारलं.

"दोनदा."

"आणि घरी काय म्हणतात?"

"आधी बोलतात. मग गप्प बसतात."

ती गाडीजवळ येऊन उभी राहिली. मी गाडीवरून उतरले, ती बसली. तिची बोटं लिव्हरवर बरोबर बसली. मी सोबत आणलेलं माझं हेल्मेट पुढे केलं, तिने घातलं. त्या माणसाने बॅटरी खरोखरच चांगली ठेवली होती, बटण दाबताच गाडी सुरू झाली.

"अगं, टायर जुने झालेत," तो म्हणाला.

"सोसायटीतच फिरते. सावकाश."

ती उतारावरून वर गेली आणि आवाज इमारतीच्या मागे गेला. आम्ही दोघं बेसमेंटमध्ये उभे. तो दोन्ही कव्हरं हातात धरून होता. मग म्हणाला, "पडली तर हिचं बाहेरचं प्लास्टिक फार महाग आहे हो." मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी तोंड फिरवून खांबावरचा पार्किंगचा नंबर वाचत राहिले.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. तो लगेच वाकून गाडीचं प्लास्टिक तपासू लागला. तिने हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"सॉरी हं, तुमची चक्कर फुकट गेली. गाडी विकायची नाहीये."

गाडी हातची गेली, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही.

"त्या ट्रॅकवर गाडी चालवत नेता की टेम्पोत?" तिने विचारलं.

"टेम्पोत. बरेच जण मिळून करतो. पण आधी आरसे आणि ती मागची साडीगार्डची जाळी काढावी लागेल."

तिने मागच्या चाकाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "अरे, वरून पाना घेऊन ये."

तो जरा थांबला. मग कव्हरं खाली ठेवून लिफ्टकडे गेला.