रोलचे कॅमेरे आणि थंडीतल्या स्कूटरी

छत्तीस फोटोंच्या रोलमधले धड दहा-बारा येतात. बाकीच्यांचे किस्से होतात! आमच्याकडं असे लई साठलेत.

आम्ही तिघं. गॅरेजवाला सलीम, शाळामास्तर दिगंबर म्हणजे आमचा दिग्या, आणि मी मेडिकलवाला. तिघांकडं जुन्या गिअरच्या स्कूटरी, तिघांकडं रोलचे कॅमेरे. दिवाळी झाली की दर रविवारी भल्या सकाळी बीडमधून निघायचं. औंदा दिग्याची बदली झाली, पार कोकणात. त्यामुळं सध्या फोटो कमी, किस्सेच जास्त चाललेत.

*

दिग्याची स्कूटर थंडीत एका किकला कधी सुरू झालीच नाही. एकदा वडवणीच्या अलीकडं चहाला थांबलो आणि ती बसली. सलीमनं तिला आडवी केली, उभी केली. दिग्यानं वीसेक किका मारल्या. घामानं भिजला.

सलीम म्हणतो, "सर, तुमी स्वेटर कावून घेतलं? ही गाडी हाय की!"

*

तिथंच पुढं माळावर धुक्यात मेंढरं चरत होती. आम्ही तिघं कॅमेरे लावून वाकलो. धनगरमामा काठी आपटत आले.

"इथनं रस्ता न्यायचाय का?"

"न्हाई मामा, फोटो काढतोय. छंद हाय."

मामांनी आम्हाला बघितलं, स्कूटरींना बघितलं.

"घरचे काय म्हणत न्हाईत?"

*

एकदा सुनीतावहिनी, म्हणजे दिग्याची बायको, सोबत आल्या. युसूफ वडगावजवळ ज्वारीच्या रानात दिग्या त्यांचे फोटो काढत सुटला. वहिनी वाकल्या की एक, हसल्या की एक. आकडा छत्तीसवर गेला, अडतीस झाला, चाळीस झाला!

"संपतच न्हाई बे! बरकत हाय!"

सलीमला शंका आली. त्यानं कॅमेरा घेतला, खटका ओढून बघितला आणि हळूच म्हणाला, "सर, रोल आत अडकलाच न्हाई. जिथं होता तिथंच हाय."

दिग्या मटकन बांधावर बसला. म्हणाला, "पुन्हा काढू."

वहिनी म्हणाल्या, "काढा. पण आता तसं हसायला जमणार न्हाई."

परवा आम्ही गॅरेजवर बसलेलो, तेव्हा कोकणातून त्याचा फोन आला. तिकडं थंडी नाही, ज्वारी नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणतो, "वडगावचं ते रान आठवतंय का रे?"

सलीम म्हणाला, "आठवतंय की सर. फोटो आले असते, तर इसरलो असतो!"

*

सलीमचा कॅमेरा त्याच्या अब्बांचा. ते गेल्यावर पेटीत सापडला, आत अर्धा वापरलेला रोल. आम्ही तो पुण्याला धुवायला पाठवला. महिन्यानं एकच फोटो आला, तोही धूसर. अब्बांची स्कूटर स्टँडवर, आणि मागच्या सीटवर अम्मी. ओढणी उडालेली, खळखळून हसतायत. सलीम चार वर्षांचा असताना त्या गेल्या होत्या.

सलीमनं हाताचं ग्रीस दोनदा पुसलं, मग फोटो धरला.

"अब्बा सांगायचे, तुझी अम्मी स्कूटरला लई भ्यायची. खोटं बोलत व्हते बे!"

*

गेल्या डिसेंबरात सलीम आणि मी शिरूर कासारकडं गेलतो. एका वाडीत शिरलो, तर घराघराला कुलूप. सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली. एका दारात तेवढी एक म्हातारी उन्हाला बसली होती.

"फोटोवाले का तुमी? माजा काढा."

पदर नीट केला, पाय पोटाशी घेतले. सलीमनं फोटो काढला.

"दावा की."

"आत्ता न्हाई दिसत आजी. आधी हा रोल भरायचा, मग धुवायला पुण्याला जायचा. महिना लागतो."

"मंग आनून देताल?"

"देतो की. मी सोता येतो."

आजी सलीमच्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बघत म्हणाल्या,

"मंग आनखी एक काढा. पर ह्यात नगं, पुढच्या रोलात काढा."